एक मूर्ती आणि तिला विचारलेले प्रश्न



ही मालिका सुरू झाल्यापासून एक प्रश्न मला सारखा विचारला जातो. विचारणारे कधी बेळगावचे असतात, कधी इंदूरचे, कधी बडोद्याचे. शब्द थोडे बदलतात, काळजी तीच असते. ‘मुलगी पीएचडी करतेय म्हणते, पण नेमकं काय करते ते आम्हाला कुणाला सांगता येत नाही.’ आणि पाठोपाठ, जरा आवाज खाली आणून, दुसरं वाक्य येतं. ‘सायन्सचं असतं तर समजलं असतं हो. ही समाजशास्त्रात करतेय. त्यात संशोधन कसलं? ती तर मतं.’

या दुसऱ्या वाक्यावर घरात बरंच काही ठरतं. कुणाच्या फीसाठी पैसे काढायचे, कुणाला आणखी दोन वर्षं द्यायची आणि कुणाला ‘आता पुरे, बीएड कर’ म्हणायचं, हे त्यावर ठरतं. म्हणून हा प्रश्न मी हलका समजत नाही. संशोधनाची व्याख्या सांगून उत्तर देता येईल, पण व्याख्येनं कुणाचं समाधान झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. त्यापेक्षा आपण आज एका गावाला जाऊ. तिथे तयार होणारी एकच वस्तू घेऊ, आणि तिच्याकडे किती प्रकारचे अभ्यासक काय काय विचारायला आले ते बघू.

गाव आहे स्वामीमलै. तमिळनाडूत, कावेरीच्या काठी, कुंभकोणमपासून सातआठ किलोमीटरवर. लांबचं वाटेल, पण आपल्याला अगदीच परकं नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १७९९ पर्यंत हा मुलूख तंजावरच्या भोसल्यांकडे होता, आणि तंजावर-कुंभकोणम भागात आजही घरात मराठी बोलणारी कुटुंबं आहेत. ती मराठी आपल्यापेक्षा निराळी आहे आणि तिच्यावर स्वतंत्र भाग करायला हवा.

‘मलै’ म्हणजे डोंगर. पण गावात डोंगर नाही. हा सगळा कावेरीच्या गाळाचा सपाट प्रदेश. मुरुगनचं देऊळ उभं आहे ते माणसांनी रचलेल्या उंचवट्यावर. वर जायला साठ पायऱ्या आहेत, आपल्या पंचांगातल्या साठ संवत्सरांच्या नावांच्या. कथा अशी की इथे मुलानं, म्हणजे मुरुगननं, बापाला, म्हणजे शंकराला, ओंकाराचा अर्थ सांगितला. म्हणून तो स्वामिनाथन. मोठ्यानं लहानाकडून शिकावं, ही गोष्ट या गावच्या देवळातच मांडलेली आहे. आपल्या विद्यापीठांमध्ये ती अजून मांडायची आहे, पण ते असो.

स्वामीमलै जगाला माहीत आहे ती मात्र तिथल्या धातूच्या मूर्तींमुळे. २०२३ मध्ये दिल्लीत जी-२० परिषद झाली, तेव्हा भारत मंडपमसमोर २७ फुटांचा, १८ टनांचा नटराज उभा केला. तो इथल्या स्थपतींनी ओतला. स्थपती म्हणजे मूर्ती घडवणारा शिल्पकार.

मूर्ती कशी होते ते आधी सांगते, कारण पुढचे सगळे प्रश्न त्यातून निघतात. स्थपती प्रथम नारळाच्या पातीची एक लांब पट्टी घेतो. मूर्तीच्या उंचीएवढी. तिला घड्या घालून तो भाग पाडतो. चेहरा किती, छाती किती, गुडघा कुठे, हे सगळं त्या घड्यांवरून ठरतं. मोजपट्टी लागत नाही, कारण इंच-सेंटिमीटर महत्त्वाचे नसतात, प्रमाण महत्त्वाचं असतं. मग मेण, राळ आणि थोडं तेल यांच्या मिश्रणातून मूर्ती घडवली जाते, दागिन्यांसकट, बोटांसकट. त्या मेणाच्या मूर्तीवर कावेरीच्या बारीक गाळाचा पातळ लेप बसतो. हा पहिला लेप सर्वांत महत्त्वाचा. तो जितका मऊ, तितकी मेणावरची प्रत्येक रेघ साच्यात उतरते. त्यावर जाडसर मातीचे थर, मोठी मूर्ती असेल तर लोखंडी तारांचा आधार. साचा वाळला की गोवऱ्यांच्या आगीत तापवतात. मेण वितळून भोकातून बाहेर पडतं आणि आत मूर्तीच्या आकाराची पोकळी उरते. तिच्यात वितळलेला धातू ओततात. थंड झालं की साचा फोडतात.

साचा फुटतो, म्हणजे दुसरी तशीच मूर्ती निघत नाही. प्रत्येक मूर्ती एकुलती एक. पुढे छिन्नी-कानसकाम सुरू होतं आणि त्याला ओतकामापेक्षा कितीतरी जास्त दिवस लागतात.

या पद्धतीचं संस्कृत नाव आहे मधूच्छिष्टविधान. मधूच्छिष्ट म्हणजे मेण, शब्दशः मधाचं उष्टं. काय सुरेख शब्द आहे! तिचं सविस्तर वर्णन बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात आहे, आणि हा ग्रंथ चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर आहे. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे बीदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. लातूर-धाराशिवकडच्यांना अगदी शेजारचं. ग्रंथ तिथला, पद्धत इथे जिवंत.

त्या ग्रंथात एक व्यवहारी सूचना आहे. मेणाची मूर्ती आधी तोला आणि त्यावरून धातू किती लागेल ते ठरवा. यामागचं भौतिकशास्त्र शाळेतलंच आहे. मेण पाण्यापेक्षा किंचित हलकं, तांबं पाण्याच्या सुमारे नऊपट जड. पोकळी तेवढीच, म्हणून किलोभर मेणाच्या जागी नऊ किलोंच्या वर तांबं लागणार. घनता हा शब्द न उच्चारता घनतेचा नियम वापरलेला आहे. आता बघा, या एका सूचनेवर दोन माणसं काम करू शकतात. एक संस्कृतचा अभ्यासक, जो वेगवेगळ्या हस्तलिखितांतले पाठ ताडून पाहील आणि मूळ आकडा काय असावा ते ठरवील. दुसरा अभियंता, जो मेण-राळेच्या मिश्रणाची घनता मोजून तो आकडा जुळतो का ते बघेल. दोघंही एकाच ओळीवर काम करतायत, आणि एकमेकांशिवाय दोघांचंही काम अर्धवट राहतं.

आता पहिला मोठा प्रश्न घेऊ. मूर्ती कशाची आहे?

गावात विचाराल तर उत्तर ठरलेलं: पंचलोह. पाच धातू. तांबं, पितळ किंवा कथील, शिसं, आणि त्यात चांदी नि सोनं. प्रयोगशाळेत विचाराल तर वेगळं उत्तर येतं. बंगळुरूच्या शारदा श्रीनिवासन या पुरातत्त्वीय धातुशास्त्रज्ञ आहेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या पुरातत्त्व संस्थेत त्यांनी पीएचडी केली, आणि दक्षिण भारतातल्या शंभराहून अधिक धातुमूर्तींचं पृथक्करण केलं. चोळ काळातल्या जुन्या मूर्तींमध्ये मुख्यतः तांबं, त्यात कथील आणि शिसं. सोनं-चांदी नावापुरती, मुद्दाम घातली असं म्हणण्याइतकी नाही. आजच्या मूर्तींमध्ये कथलाऐवजी जस्त जास्त दिसतं, कारण पितळ वापरलं जातं.

मग पंचलोह ही थाप आहे का? इथेच घाई करायची नाही. मानववंशशास्त्राचा अभ्यासक भट्टीजवळ बसतो आणि बघतो की मूर्ती करवून घेणारा भाविक स्वतःच्या हातानं सोन्याचा कण मुशीत टाकतो. वजनाच्या हिशेबात तो कण नगण्य आहे. पण त्या कणानं ती मूर्ती त्या कुटुंबाची होते, आणि स्थपती व यजमान यांच्यात एक नातं ठरतं. रसायनशास्त्रज्ञाला ‘धातूत काय आहे’ हे सांगायचंय. मानववंशशास्त्रज्ञाला ‘लोक धातूत काय घालतात आणि का’ हे सांगायचंय. पहिल्याचं उत्तर तीन धातू, दुसऱ्याचं पाच. दोन्ही बरोबर आहेत. एकानं दुसऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला घेतलं, की गोंधळ होतो. वर्तमानपत्रांत ‘विज्ञानानं सिद्ध केलं की पंचलोह खोटं’ किंवा ‘प्राचीन पंचलोहाचं रहस्य’ असे मथळे येतात, ते याच गोंधळातून.

श्रीनिवासन यांच्या कामातला दुसरा भाग मला जास्त आवडतो. मूर्ती कधीची, हे कसं ठरवायचं? बहुतेक मूर्तींवर सन लिहिलेला नसतो. कलेतिहासकार शैली बघतात: मुकुटाची ठेवण, कमरेचा बाक, वस्त्राच्या चुण्या. हा डोळा तयार व्हायला वीसवीस वर्षं लागतात. श्रीनिवासन यांनी त्याला शिशाची जोड दिली. शिशाची चार स्थिर समस्थानिकं असतात. त्यांपैकी तीन युरेनियम आणि थोरियमच्या ऱ्हासातून लाखो-कोट्यवधी वर्षं वाढत राहतात, एक वाढत नाही. म्हणून जगातल्या वेगवेगळ्या खाणींतल्या शिशात त्यांचं प्रमाण वेगवेगळं. धातू वितळवला, ओतला, तरी ते प्रमाण बदलत नाही. हा खाणीचा अंगठ्याचा ठसाच. ज्या मूर्तींची तारीख शिलालेखांवरून पक्की आहे, त्यांचे ठसे आधी घ्यायचे आणि बाकीच्या त्यांच्याशी ताडायच्या. या पद्धतीनं त्यांनी असं मांडलं की चोळकाळातले मानले गेलेले काही नटराज त्याहून जुने, नवव्या शतकातल्या पल्लवकाळातले असावेत. सगळ्या कलेतिहासकारांना ते मान्य आहे असं नाही. वाद चालू आहे, आणि तो चांगला वाद आहे, कारण दोन्ही बाजूंना समोरच्याचा पुरावा वाचावा लागतो.

एक अडचण सांगायची राहिली. असा नमुना घ्यायचा तर मूर्तीला सुईएवढं का होईना भोक पाडावं लागतं. संग्रहालयातल्या मूर्तीला परवानगीनं ते करता येतं. देवळात रोज अभिषेक होणाऱ्या मूर्तीला? तिथे उपकरण कितीही चांगलं असो, प्रश्न उपकरणाचा राहत नाही. म्हणून न छेदता तपासण्याच्या पद्धती महत्त्वाच्या ठरतात. कल्पाक्कमच्या अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी चेन्नईच्या सरकारी संग्रहालयातल्या मूर्तींचे असे ठसे घेण्याचं काम केलं. अणुभट्टीतले जोड तपासण्याचं ज्ञान देवाच्या मूर्तीपर्यंत आलं.

आता एक वेगळाच पाहुणा. टॉमस लेव्ही हे कॅलिफोर्नियातले पुरातत्त्वज्ञ. त्यांचं काम इस्राएल आणि जॉर्डनमधल्या तांब्यावरचं. १९६१ मध्ये मृत समुद्राजवळच्या एका गुहेत चटईत गुंडाळलेल्या चारशेहून अधिक वस्तू सापडल्या होत्या, बहुतेक तांब्याच्या, सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीच्या. त्यांतल्या कित्येक मेण वितळवण्याच्या पद्धतीनं ओतलेल्या. पण तिथे ती कला कधीच संपली. मग त्या कारखान्यात कोण कुठे बसत असेल, कचरा कुठे पडत असेल, शिकाऊ मुलगा काय करत असेल, हे कळणार कसं? लेव्ही स्वामीमलैला आले. जिवंत कारखान्यात बसून त्यांनी टिपलं की काम संपल्यावर जमिनीवर काय उरतं: मुशीचे तुकडे, फुटलेला साचा, धातूचे थेंब. हजार वर्षांनी उत्खनन करणाऱ्याला यातलं काय सापडेल आणि काय सापडणार नाही?

त्यातून २००८ मध्ये एक पुस्तक झालं, आणि त्याच्या लेखकांत लेव्ही पतिपत्नींबरोबर स्वामीमलैच्या तीन स्थपती भावांची नावं आहेत. राधाकृष्ण, श्रीकंद आणि स्वामिनाथ. दिल्लीचा नटराज करणारे स्थपती याच कुटुंबातले. ज्यांचा अभ्यास करायचा तेच सहलेखक, ही गोष्ट लहान नाही. समाजशास्त्रांत गेली काही दशकं यावर बरीच चर्चा आहे. माहिती देणारा माणूस तळटीपेत ‘एक कारागीर’ म्हणून राहावा, की मुखपृष्ठावर यावा? रेणूला हा प्रश्न पडत नाही, माणसाला पडतो. म्हणून माणसांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राच्या पद्धतीतच तो असावा लागतो.

अशा तुलनेला मर्यादा आहेत हे खरं. आजच्या कावेरीकाठचा माणूस सहा हजार वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या माणसासारखा वागतो असं गृहीत धरता येत नाही. तुलनेतून तर्क मिळतो, पुरावा जमिनीतूनच यावा लागतो.

आणि जमिनीतून आलेला पुरावासुद्धा नेहमी एका आवाजात बोलत नाही. आपल्या घरचंच उदाहरण घ्या. १९७४ मध्ये प्रवरेच्या काठी दायमाबादला, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, छबू लक्ष्मण भिल्ल यांना झाडाचं मूळ खणताना चार धातूच्या वस्तू मिळाल्या. हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलांचा रथ. मिळून साठ किलोंच्या वर वजन. भरीव ओतलेल्या. पुढे शां. आ. साळी यांनी तिथे उत्खनन केलं. त्यांनी आणि डेक्कन कॉलेजच्या म. के. ढवळीकरांनी या वस्तू उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या. पण द. प्र. अग्रवाल यांनी धातूकडे बोट दाखवलं. यात एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक आहे, आणि त्या काळातल्या इतर तांब्याच्या वस्तूंत असं मिश्रण आढळत नाही, मग या नंतरच्या कशावरून नसतील? मूळ वस्तू उत्खननात थरासकट मिळाल्या असत्या तर हा वाद बहुधा झालाच नसता. थर नाही, तर शैली एक सांगते आणि रसायन दुसरं. मला व्यक्तिशः ढवळीकरांची बाजू जास्त पटते, पण आर्सेनिकचा मुद्दा बाजूला सारता येत नाही.

स्वामीमलैकडे परत येऊ, कारण आता जे सांगायचंय त्यात देवच कोर्टात उभा आहे.

देवळातली मूळ दगडी मूर्ती जागची हलत नाही. उत्सवात गावातून मिरवायची ती धातूची. म्हणूनच तिच्या पीठाला दांडे बसवायची भोकं नि कड्या असतात. मध्ययुगात संकट आलं की या मूर्ती पुजाऱ्यांनी जमिनीत पुरल्या, आणि विसाव्या शतकात शेत नांगरताना, पाया खणताना त्या वर आल्या. वर आल्या तशा चोरीलाही गेल्या.

कुंभकोणमजवळच्या शिवपुरमचा नटराज १९५१ मध्ये जमिनीतून मिळाला. दुरुस्तीसाठी एका स्थपतीकडे दिला. परत आली ती नक्कल, अस्सल विकली गेली होती. देवळात कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेट या कलेतिहासकाराच्या. चोळ मूर्तींवरच्या १९६५ च्या पुस्तकात त्यानं लिहिलं की देवळातली मूर्ती अलीकडची आहे. ना एक्स-रे, ना समस्थानिकं. केवळ तयार डोळा. १९७३ मध्ये अस्सल मूर्ती अमेरिकेतल्या नॉर्टन सायमन यांनी विकत घेतली, खटला झाला, तडजोड झाली आणि १९८६ मध्ये ती भारतात परतली. ‘ती तर मतं’ म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देते. बॅरेटचं ते मतच होतं. पण तपासता येईल असं मत होतं, आणि तपासल्यावर टिकलं.

दुसरी गोष्ट पत्तूरची. तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातलं हे लहान गाव. १९७६ मध्ये पडक्या देवळाजवळ खणताना एका मजुराला नटराज मिळाला. हातोहाती विकला जाऊन तो लंडनला पोचला, आणि १९८२ मध्ये कॅनडातल्या एका कंपनीनं तो घेतला, चोरीचा आहे हे माहीत नसताना. जतनकामासाठी ब्रिटिश म्युझियममध्ये असताना पोलिसांनी तो ताब्यात घेतला. कंपनीनं दावा लावला. प्रश्न साधा होता: लंडनमधला हा नटराज आणि पत्तूरला मिळालेला नटराज एकच कशावरून?

हे सिद्ध करायला कोण कोण लागलं बघा. कलेतिहासकार लागले. तमिळनाडूच्या पुरातत्त्व खात्याचे रा. नागस्वामी यांनी शैलीवर साक्ष दिली आणि पत्तूरला मिळालेल्या इतर मूर्तींशी नटराजाचं साम्य दाखवलं. धातुतज्ज्ञ लागले, धातूचं मिश्रण ताडायला. मातीचे जाणकार लागले, मूर्तीवर चिकटलेली माती त्या जागेची आहे का ते बघायला. आणि वाळवीचा अभ्यास करणारे लागले, कारण जमिनीत पुरलेल्या मूर्तींवर वाळवीनं आपल्या वाटा बांधलेल्या होत्या. एखादा मुलगा वाळवीवर पीएचडी करतोय म्हटल्यावर घरात काय प्रतिक्रिया होईल ते तुम्हाला माहीत आहे. त्या वाळवीनं देवाच्या बाजूनं साक्ष दिली.

पण एवढ्यानं भागलं नाही. मूर्ती तीच, हे ठरलं तरी ती कुणाची? गाव गरीब, देऊळ पडकं, कित्येक शतकं पूजा बंद. फिर्याद करणार कोण? इथे कायद्याचा अभ्यास आला. भारतीय कायद्यात देवता किंवा देवस्थान ही कायदेशीर व्यक्ती मानली जाते, तिच्या नावे मालमत्ता असते, तिच्या वतीनं दावा करता येतो. इंग्लंडच्या कायद्यात अशी सोय नाही. तरीही १९८८ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी देवळाचा हक्क मान्य केला, आणि १९९१ मध्ये अपील कोर्टानं तो कायम ठेवला. मूर्ती परत आली. ही कथा पुढे रिचर्ड डेव्हिस या धर्मेतिहासाच्या अभ्यासकानं भारतीय मूर्तींच्या ‘आयुष्यां’वरच्या पुस्तकात मांडली. म्हणजे खटला संपल्यावर खटलाही अभ्यासविषय झाला.

यातला एक जरी अभ्यासक नसता, तर? धातू जुळला आणि शैली जुळली तरी वकील म्हणाला असता की तशा मूर्ती त्या भागात शेकडो आहेत. माती जुळली तरी हक्क ठरला नसता. नैसर्गिक विज्ञान मोठं की सामाजिक, या वादाला त्या कोर्टात जागाच नव्हती.

आणखी एक प्रकारचं संशोधन आहे, ज्याला कुणी फारसं संशोधन म्हणत नाही. नुसती नोंद ठेवणं. पुदुच्चेरीची फ्रेंच संस्था १९५५ पासून आहे. तिचे लोक खेडोपाडी फिरून देवळांतल्या मूर्तींचे फोटो काढत राहिले. कुठलाही सिद्धांत मांडायचा नव्हता, तारखा नि ठिकाणं घालून फोटो लावून ठेवायचे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनानं २००८ मध्ये ५० लाख डॉलरला घेतलेला नटराज श्रीपुरंदान गावचा आहे, हे दाखवताना तिथलाच जुना फोटो कामी आला. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी तो दिल्लीत परत केला. माझ्याकडे कुणी विद्यार्थी येऊन म्हणाला, ‘मॅडम, माझ्या प्रबंधात नुसती माहितीच गोळा झालीय’, तर मी त्याला हा फोटो दाखवते.

परत आल्यावर काय? अशा कित्येक मूर्ती सुरक्षेसाठी देवळात न जाता सरकारी मूर्तिकेंद्रात कुलपाआड राहतात. चोरीपासून राखायचं की पूजेला द्यायचं? पोलीस, गावकरी, पुजारी आणि संग्रहालयवाले चौघांची चार उत्तरं आहेत, आणि ती समजून घ्यायला गावात जाऊन महिनोन्महिने राहावं लागतं. हे समाजशास्त्र. त्याला प्रयोगशाळा नाही, पण शिस्त आहे: कुणाला विचारलं, किती जणांना, कुणाला विचारायचं राहिलं, आणि मुलाखत घेणाऱ्याच्या तिथे असण्यानं उत्तर बदललं का. यातलं काही लपवलं तर प्रबंध पडतो, जसा बिघडलेल्या तराजूवरचा प्रयोग पडतो.

कारखान्यांबद्दलही असेच प्रश्न आहेत, ते पटकन सांगते. स्वामीमलैच्या कांस्यमूर्तींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्याचा पैसा स्थपतीपर्यंत पोचतो की दुकानदारापर्यंत, हा अर्थशास्त्राचा प्रश्न. कावेरीचा तो बारीक गाळ पुढेही मिळत राहील का, हा भूगर्भशास्त्राचा आणि नदीच्या धोरणाचा. आणि पहिला लेप किती पातळ असावा हे शिकाऊ मुलाला शब्दांत सांगता येत नाही, हाताला कळावं लागतं. मायकल पोलान्यी या रसायनशास्त्रज्ञानं, जो पुढे तत्त्वज्ञ झाला, अशा ज्ञानाला न सांगता येणारं ज्ञान म्हटलं. ते एका पिढीकडून दुसरीकडे कसं जातं, हा शिक्षणशास्त्राचा प्रश्न आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित.

शेवटी एक न सुटलेला प्रश्न ठेवते. तमिळ प्रदेशात तांब्याच्या मोठ्या खाणी नाहीत. मग चोळांनी शतकानुशतकं मूर्ती ओतल्या ते तांबं आलं कुठून? विद्या दहेजिया या कलेतिहासकारांनी श्रीलंकेच्या पूर्वेकडच्या सेरुविला इथल्या तांब्याकडे बोट दाखवलं आहे. चोळांनी दहाव्या शतकाच्या शेवटी श्रीलंकेचा उत्तर भाग घेतलाच होता, त्यामुळे कल्पना आकर्षक आहे. तपासायची कशी? शिशाच्या ठशानं तपासावी म्हणाल, तर मूर्तीत शिसं मुद्दाम घातलेलं. ते दुसऱ्या खाणीतून आलेलं असेल तर तांब्याचा स्वतःचा ठसा त्याखाली झाकला जातो. जुन्या मूर्ती, भांडी वितळवून नव्या केल्या असतील तर ठसे आणखी मिसळलेले. म्हणून आधी कमी शिशाच्या मूर्ती वेगळ्या काढायला हव्यात, शेजारी सेरुविलाच्या खनिजाचे नमुने हवेत. आणि त्याच वेळी कुणीतरी श्रीलंकेतले व्यापारी संघांचे शिलालेख वाचायला हवेत. ऐहोळ्याच्या ‘पाचशे’ व्यापाऱ्यांच्या संघाचे लेख तिथे आहेत, आणि ऐहोळे म्हणजे आपल्या सोलापूरच्या खाली, बागलकोट जिल्ह्यात. जहाजातून काय गेलं नि काय आलं, ते समस्थानिकं सांगत नाहीत. त्यासाठी मध्ययुगीन तमिळ आणि जुनं कन्नड येणारी, दगडावरची पुसट अक्षरं लावता येणारी व्यक्ती लागेल. अशी माणसं आज फार थोडी आहेत.